झुडपाखालची भाकर



दर तीन वर्षांनी, ‘ब’ वर्षात, सामान्य काळातील १९व्या रविवारी मिस्सामध्ये राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या १९व्या अध्यायातील पाच वचने वाचली जातात. वाचन इतके लहान की आपण बाकावर नीट टेकतो न टेकतो तोच ते संपते. एलिया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो, देवदूत त्याला भाकर आणि पाणी देतो आणि त्या बळावर तो चाळीस दिवस व चाळीस रात्री चालून होरेब पर्वतापर्यंत पोहोचतो. देवावर भरवसा ठेवणाऱ्याला नवे बळ कसे मिळते हे समजून घेण्यासाठी यासारखा धडा बायबलमध्ये क्वचितच सापडेल.

हा एलिया काही लेचापेचा माणूस नव्हे. कर्मेल डोंगरावर बआलच्या ४५० संदेष्ट्यांसमोर तो एकटा उभा राहिला होता. त्याच्या प्रार्थनेने आकाशातून अग्नी उतरला, दुष्काळ सरून पाऊस आला. मग राणी ईजबेलने त्याला ठार मारण्याची शपथ घेतली आणि तो जीव मुठीत धरून पळाला. इज्रेलपासून बैरशेबा सरळ रेषेत मोजले तरी दीडशे किलोमीटरच्या आसपास भरते. तेथे त्याने आपल्या सेवकालाही मागे ठेवले आणि आणखी एक दिवसाची वाट एकट्याने तुडवली. मोठ्या कामाचा शीण, जिवाची भीती आणि सोबतीला कोणी नाही. अशा वेळी माणूस ढासळतो, संदेष्टाही ढासळतो.

ज्या झुडपाखाली तो बसला ते रतामाचे. याची पाने बारीक, सावली विरळ. पण याच्या लाकडाचा निखारा चांगला धगधगतो, आणि स्तोत्र १२० मध्ये त्या निखाऱ्याचा उल्लेखही आहे. एलियाच्या उशाशी ठेवलेली भाकर निखाऱ्यावर भाजलेली होती. त्याच झुडपाच्या काटक्या तिच्याखाली जळल्या असतील काय? ग्रंथ तसे सांगत नाही, पण ही कल्पना आम्हांला आवडते.

आता देवदूताचे वागणे पाहू या. तुझी श्रद्धा कुठे गेली, असे तो विचारत नाही. कर्मेलवरच्या चमत्काराची आठवण करून देऊन लाजवत नाही. तो एलियाला उठवतो आणि खायला सांगतो. एलिया खातो, पितो आणि चक्क पुन्हा झोपतो! देवदूत त्यावरही रागावत नाही. दुसऱ्यांदा येतो, स्पर्श करून उठवतो आणि पुढची वाट तुला झेपणारी नाही म्हणून खाऊन घे, एवढेच सांगतो.

आपण मात्र थकलेल्या माणसाशी असे वागत नाही. आपल्या धर्मग्रामात वर्षानुवर्षे खाटेवर असलेल्या सासऱ्याची सेवा करणाऱ्या सुना आहेत, नवऱ्याला आठवड्यातून दोनतीनदा डायलिसिसला नेणाऱ्या बायका आहेत, नोकरी सुटल्यापासून दार लावून बसलेले तरुण आहेत. त्यांतले कोणी म्हणाले की आताशा प्रार्थना होत नाही, तर आपण चटकन सांगतो, “तुझा विश्वास कमी पडतो, आणखी एक नोव्हेना कर.” नोव्हेना चांगलीच आहे. पण हे उत्तर क्रूर आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मरणाचे विचार मनात घोळू लागलेल्या माणसाला तर झोप, जेवण, सोबत आणि डॉक्टरचे औषध या सगळ्यांची गरज असते, आणि ते घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. एलियाने भाकर खाल्ली, हाच त्या दिवशीचा त्याचा भरवसा होता. तोंडातून प्रार्थना निघत नसताना देवाने पुढे केलेले त्याने नाकारले नाही.

आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. होरेबवर पोहोचल्यावर एलिया तक्रार करतो की मी एकटाच उरलो आहे. वारा, भूकंप, अग्नी आणि नंतर तो मंद, हळुवार स्वर, इतके सगळे झाल्यावरही त्याची तक्रार अक्षरशः तीच! पहा १०वे आणि १४वे वचन. म्हणजे चाळीस दिवस जो चालला त्याचे दुःख काही हलके झाले नव्हते. बळ मात्र आले होते. पुढे देवाने त्याला काम दिले, नांगर हाकणारा अलीशा हा सोबती दिला आणि बआलपुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक इस्राएलात आहेत हेही सांगितले. सारफथच्या विधवेच्या घरीही पूर्वी असेच घडले होते. तिचे पिठाचे मडके कधी शिगोशीग भरले असे लिहिलेले नाही. ते संपले नाही, एवढेच.

आपल्या काळातही असा एक एलिया होऊन गेला. नाव फ्रान्सिस झेव्हियर न्ग्वेन व्हॅन थुआन. गोव्याच्या संताचे नाव असल्याने ते आपल्याला जवळचे वाटावे. १९७५ साली एप्रिलमध्ये त्यांची सायगॉनचे सह-आर्चबिशप म्हणून नेमणूक झाली, आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, नव्या कम्युनिस्ट सरकारने त्यांना अटक केली. १३ वर्षे ते कैदेत होते, त्यांतली ९ एकांतवासात. आपली माणसे, आपली कामे सगळी मागे राहिली याचा त्यांना फार त्रास होई. देवाची कामे वेगळी आणि देव वेगळा, आणि आपण देवाला निवडायचे आहे, हे तिथे उमगले तेव्हा मनाला शांती मिळाली, असे त्यांनी पुढे सांगितले. कधी कधी अशक्तपणामुळे त्यांना प्रार्थनाही म्हणवत नसे.

पोटाचे औषध म्हणून बाहेरून त्यांना थोडा द्राक्षारस मिळाला. तळहातावर त्याचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब घेऊन ते मिस्सा अर्पण करीत. वेदी नाही, गायन नाही. हाताचा पेला आणि भाकरीचा कण. १९८८ साली २१ नोव्हेंबरला, पवित्र मरियेच्या समर्पणाच्या सणाला, त्यांची सुटका झाली. २००० सालच्या प्रायश्चित्तकाळात पोप दुसरे जॉन पॉल यांना त्यांनीच रिट्रीट दिली. ते २००१ साली कार्डिनल झाले, २००२ साली प्रभुघरी गेले आणि २०१७ साली ख्रिस्तसभेने त्यांना ‘आदरणीय’ म्हणून घोषित केले.

मृत्यूच्या वाटेवरील माणसाला दिल्या जाणाऱ्या कम्युनियनला ख्रिस्तसभा पूर्वीपासून वाटेची शिदोरी म्हणते. एलियाच्या वाचनाबरोबर त्या रविवारी योहानच्या शुभवर्तमानातील जीवनाच्या भाकरीचा उतारा येतो तो उगाच नव्हे.

पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन जाते. खाटेवरच्या माणसाला ते मिळते; त्याच्या उशाशी रात्र जागून काढणाऱ्या सुनेला उठवून जेवायला कोण सांगते? तेव्हा यापुढे त्या दिवशी शेजारच्या एका घराने तिच्यासाठी जेवणाचा डबा न्यावा, आणि ती जेवून निवांत दोन तास झोपेल तोवर आजाऱ्याजवळ बसावे, असे आम्ही सुचवतो. मिस्सानंतर ऑफिसात नावे द्यावीत.