‘किती दिवस उरले?’ हा अंदाज कसा काढतात?

बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून आपल्या भूम-परंडा तालुक्यांतील रुग्णांचीही नोंद ठेवते. कर्करोग मेंदूत पसरला की घरचे विचारतात, “डॉक्टर, किती दिवस?”

डॉक्टर पाच गोष्टी पाहतात : वय, मेंदूतील गाठींची संख्या, इतर अवयवांतील फैलाव, मूळ गाठ आटोक्यात आहे का, आणि रुग्ण स्वतःचे स्वतः किती करतो. यासाठी १०० गुणांची कार्नोफ्स्की मोजपट्टी आहे. काम जमत नाही, पण अंघोळ-जेवण आपले आपण होते, तर ७० गुण.

१९९७ च्या अमेरिकी अभ्यासात किरणोपचार घेतलेल्यांपैकी सर्वांत बऱ्या गटाचा मध्यक ७.१ महिने, तर ७० पेक्षा कमी गुण असलेल्यांचा २.३ महिने होता. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले. आजच्या नव्या औषधांनी काहींचे आयुष्य आणखी वाढते. म्हणून आकडा हा निकाल नव्हे.

शेत विकण्याआधी डॉक्टरांना विचारा : या उपचाराने आयुष्य वाढेल, की फक्त त्रास कमी होईल? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तो बसतो का? आणि रुग्णाची इच्छा रुग्णालाच विचारा.