प्रतिरूप अंतराळ मोहिमा आणि लोकसंवाद

उरण तालुक्यातील मोरा बंदरातून खोल समुद्रात गेलेल्या मच्छिमारी नौकेचा भ्रमणध्वनीवरील संपर्क किनारा दूर होताच तुटतो. घरचा निरोप नौकेपर्यंत पोहोचण्यास आणि त्याचे उत्तर येण्यास मग वेळ लागतो. अशा विलंबाची सवय असलेल्या कोळीवाड्याला अंतराळ संशोधनातील एक प्रयोग इतरांहून लवकर उमगावा.

हा प्रयोग म्हणजे ‘ॲनालॉग’ अर्थात प्रतिरूप मोहीम होय. चंद्र वा मंगळाशी काहीसे साम्य असलेल्या भूप्रदेशात किंवा बंदिस्त निवासात काही माणसे ठराविक काळ जगापासून अलग राहतात आणि त्यांचे आरोग्य, मनःस्थिती व कार्यक्षमता यांचा अभ्यास केला जातो. भारतातील अशा पहिल्या मोहिमेस लेह येथे प्रारंभ झाल्याची वार्ता भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने १ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक्स’ या समाजमाध्यमावरून दिली. या कार्यात लडाख विद्यापीठाबरोबर पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचाही सहभाग होता, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने समाधानाची गोष्ट आहे. पुढे लडाखमधील त्सो कार खोऱ्यात, सुमारे ४,५३० मीटर उंचीवर, ‘होप’ हे केंद्र उभे राहिले. ३१ जुलै २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि ऑगस्टच्या पहिल्या दहा दिवसांत दोघा सहभागींनी तेथे वास्तव्य केले. त्यांचा निवासकक्ष अवघा आठ मीटर व्यासाचा होता.

अशा मोहिमांची माहिती जनतेपर्यंत नेण्यास समाजमाध्यमे सोयीची खरी. परंतु येथेच खरी अडचण उद्भवते. समाजमाध्यमाचा प्राण तत्परता हा आहे, तर प्रतिरूप मोहिमेचा प्राण अलगता. पृथ्वीवरून मंगळावर रेडिओ संदेश जाण्यास ग्रहांच्या स्थितीनुसार सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात. हवाई बेटांवरील मौना लोआ पर्वतावर २०१५-१६ साली सहा जण वर्षभर राहिले, तेव्हा प्रत्येक संदेशास २० मिनिटांचा विलंब मुद्दाम लावण्यात आला होता. ह्यूस्टन येथे २५ जून २०२३ ते ६ जुलै २०२४ या काळात चौघे ३७८ दिवस राहिले. तेथेही असाच विलंब पाळला गेला. सहभागी व्यक्ती दर घटकेला वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देत बसली, तर ज्या एकाकीपणाचा अभ्यास करावयाचा तोच नाहीसा होईल. मग उरतो तो केवळ देखावा!

यावर मार्ग आहे, आणि तो जुनाच आहे: पत्रव्यवहाराचा. सहभागींनी दिवसाचे टिपण लिहून धाडावे, बाहेरच्या पथकाने ते पाहून प्रसिद्ध करावे, लोकांचे प्रश्न एकत्र करून पाठवावेत आणि उत्तरांची वाट पाहावी. मॉस्को येथील ‘मार्स ५००’ प्रयोगात २०१० ते २०११ या काळात सहा जण ५२० दिवस बंदिस्त राहिले. त्यांतील युरोपीय सहभागींची दैनंदिनी युरोपीय अवकाश संस्थेने महाजालावर प्रसिद्ध केली. वाचकाला वाट पाहावी लागली, तर मंगळाचे अंतर किती हे त्याला आकड्यांवाचून कळते.

दुसरी दक्षता सत्यकथनाची. लाल माती आणि अंतराळवेषातील माणूस यांचे छायाचित्र मूळ मजकुरापासून सुटून हातोहात फिरू लागले की, पाहणाऱ्याचा सहज गैरसमज होतो. म्हणून ‘हा सराव आहे, स्थळ लडाख’ असे शब्द मजकुराखाली नव्हे, तर चित्रावरच असावेत. सहभागींच्या प्रकृतीचा व मनःस्थितीचा तपशील त्यांच्या संमतीवाचून प्रसिद्ध होऊ नये, हेही तितकेच अगत्याचे आहे. कुतूहल कितीही निर्मळ असले तरी तो तपशील खाजगीच होय.

राहिला भाषेचा प्रश्न. हैदराबादच्या राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून उपग्रहांच्या साहाय्याने वर्तविलेली संभाव्य मासेमारी क्षेत्रांची सूचना किनाऱ्यावरील मच्छिमारांना त्यांच्या भाषेत दिली जाते, आणि म्हणूनच ती उपयोगी पडते. लडाखची वार्ता मात्र बहुधा इंग्रजीतच येते. तिचे मराठी टिपण तयार करण्यास पवईच्या संस्थेतील मराठी विद्यार्थी पुढे आल्यास मोऱ्याच्या शाळेतील मुलांचे प्रश्नही लडाखपर्यंत जाऊ शकतील. त्यांची उत्तरे मोहीम संपल्यावर आली तरी चालेल.