खाणीचा विस्तार आणि गावचा रस्ता

चेन्नईहून कोलकात्याकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग तामिळनाडूची हद्द ओलांडून आंध्र प्रदेशात शिरतो, त्याच्या थोडे अलीकडे गुम्मिडिपूंडी लागते. तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण चेन्नईपासून सुमारे ४५ किलोमीटरांवर आहे. महामार्गाच्या सोबतीने चेन्नई–गूडूर लोहमार्ग जातो. शासनाने वसविलेली मोठी औद्योगिक वसाहत येथे आहे. पूर्वेस पुलिकतचे खारे सरोवर, तर पश्चिमेस चेन्नईच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेला आणि २०२० साली कार्यान्वित झालेला कण्णनकोट्टै–तेरवाय कंडिगै जलाशय. या दोहोंच्या मधल्या सपाट प्रदेशात गावोगावी पावसाचे पाणी साठविणारे जुने तलाव आहेत. तमिळमध्ये त्यांना ‘एरि’ म्हणतात.

या तलावांच्या पात्रांतून आणि भोवतालच्या जमिनीतून ‘सवुडु’ नावाची रेताड माती काढली जाते. रस्त्यांचे बांध, कारखान्यांची जोती आणि सखल भूखंड यांच्या भरावासाठी तिला मोठी मागणी असते. चेन्नईसारखे महानगर वाढू लागले की त्याच्या पायाखाली घालावयाची माती अशा तालुक्यांतूनच यावयाची, हे ओघानेच आले. खाण मात्र महामार्गावर नसते. खाणीपासून महामार्गापर्यंतचे तीन-चार किलोमीटर माल गावच्या रस्त्यावरून जातो. खाण वाढली तर या रस्त्याचे आणि त्यावरून चालणाऱ्यांचे काय होईल, हे आधी कसे ठरवावे, हा या पाठाचा विषय आहे.

हिशेब समजण्यासाठी आपण एक कल्पित खाण घेऊ. पुढील आकडे कोणत्याही विशिष्ट खाणीचे नाहीत. रीत दाखविण्यासाठी ते सोयीने निवडले आहेत.

हेक्टरांवरून खेपांकडे

खाणीचा अर्ज हेक्टर आणि घनमीटर यांच्या भाषेत लिहिलेला असतो. गावकऱ्याला दिसतात त्या खेपा. म्हणून पहिले काम घनमीटरांच्या खेपा करण्याचे.

समजा, आज खाणीतून वर्षाला ५० हजार घनमीटर माती निघते आणि मालक २ लाख घनमीटरांची परवानगी मागत आहे. न खणलेल्या मातीच्या एका घनमीटराचे वजन १.८ टन धरले, तर आजची वाहतूक ९० हजार टनांची व उद्याची ३ लाख ६० हजार टनांची होईल. वर्षात कामाचे ३०० दिवस धरले, तर आज दिवसाला ३०० टन व उद्या १,२०० टन. येथे एक सावधगिरी बाळगावी. खणलेली माती फुगते; तेव्हा अर्जातील घनमीटर जमिनीतल्या मातीचे की गाडीत भरलेल्या मातीचे, हे प्रथम विचारून घ्यावे. वजनावरून हिशेब केल्यास हा घोळ टळतो.

माती वाहणारी तीन आसांची, दहा चाकांची टिपर गाडी भरलेल्या स्थितीत २८.५ टनांपर्यंत असू शकते. ही मर्यादा २०१८ साली केंद्र शासनाने वाढवून दिली. गाडीचे स्वतःचे वजन सुमारे साडेदहा टन वजा केले, तर माल १८ टन उरतो. म्हणजे आज १७ खेपा आणि उद्या ६७. प्रत्येक खेपेत गाडी एकदा भरलेली जाते व एकदा रिकामी परतते. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसासमोरून ती दोनदा जाते. म्हणून ये-जा मोजावयाची तर ३४ वरून १३४. अहवालांत ‘६७ खेपा’ असे लिहून हिशेब तेथेच थांबविलेला आढळला, तर निम्मी वाहतूक गळाली आहे असे खुशाल समजावे.

पहिली कसोटी : रस्त्याची क्षमता

रस्त्यावर आज किती वाहतूक आहे, हे मोजणीनेच कळते. ही मोजणी सलग सात दिवस, अहोरात्र करावी, असा इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचा संकेत आहे. १९३४ साली स्थापन झालेली ही संस्था रस्त्यांची मानके ठरविते. निरनिराळी वाहने एका मापाने मोजता यावीत म्हणून तिच्या १९९० सालच्या मार्गदर्शिकेत ग्रामीण रस्त्यांसाठी मोटार-तुल्य एकके दिली आहेत. मोटार १, मोटारसायकल किंवा सायकल अर्धा, ट्रक अथवा बस ३, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार आणि बैलगाडी ८. त्याच मार्गदर्शिकेप्रमाणे सपाट प्रदेशातील ३.७५ मीटर रुंदीचा एकपदरी रस्ता दिवसाला सुमारे २,००० एकके वाहू शकतो. साडेपाच मीटरांचा ६,००० आणि सात मीटरांचा दुपदरी रस्ता १५,०००.

आपल्या कल्पित रस्त्यावर खाणीखेरीजची वाहतूक १,१०० एककांची आहे असे धरू. विस्तारानंतर १३४ टिपर-फेऱ्यांची ४०२ एकके तीत मिळतील. बेरीज १,५०२. रस्त्याची क्षमता २,०००. अहवाल लिहिणारा येथे समाधानाने लिहितो की, रस्ता पुरेसा आहे.

परंतु तो सरासरीच्या आधारे बोलत असतो. गुम्मिडिपूंडीकडचा मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबरमधला. एरि भरली की तिच्या पात्रातून माती काढता येत नाही. वर्षाचे काम मग कोरड्या महिन्यांत दाटीने उरकावे लागते. तेच ३ लाख ६० हजार टन ३०० ऐवजी १५० दिवसांत हलवावयाचे झाले, तर खेपा १३४ होतील आणि ये-जा २६८. एकके ८०४, बेरीज १,९०४. रस्ता अद्याप मर्यादेत आहे, पण काठोकाठ. त्यात सुगीच्या दिवसांत ट्रॅक्टरांची भर पडली की मर्यादा ओलांडलीच. म्हणून आकडा वर्षाच्या सरासरीचा न मागता सर्वांत दाट दिवसाचा व त्या दिवसातील सर्वांत दाट तासाचा मागावा.

दुसरी कसोटी : रस्त्याचे आयुष्य

रस्त्यावरून गाड्या जाऊ शकतात, एवढ्याने त्या गेल्यावर रस्ता उरेल असे ठरत नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात एक मोठा प्रयोग झाला. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवरून ठराविक वजनाच्या गाड्या सतत फिरवून रस्ते कसे मोडतात ते पाहण्यात आले. त्यातून निघालेला स्थूल नियम असा की, आसावरील भार वाढला म्हणजे रस्त्याची हानी त्याच्या सुमारे चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट तर हानी सोळापट. सुमारे ८.२ टनांचा एक आस प्रमाण मानला, तर अर्ध्या टनाच्या मोटारीच्या आसासारखे सत्तर हजारांहून अधिक आस गेल्यावर त्या एका आसाइतकी हानी होते. गावातल्या सायकली व मोटारी रस्ता मोडीत नाहीत. तो मोडतात अवजड वाहने.

कायद्याच्या मर्यादेत भरलेला आपला टिपर एका खेपेत सुमारे पाच प्रमाण आसांइतकी झीज करतो. आजच्या १७ खेपांनी वर्षाला सुमारे २५ हजार प्रमाण आस होतात, दहा वर्षांत अडीच लाख. गावचा रस्ता दहा वर्षांत तीन लाख प्रमाण आस सोसेल असा बांधला असेल, तर तो कसाबसा टिकेल. विस्तारानंतर ६७ खेपांनी वर्षाला एक लाख प्रमाण आस होतील आणि दहा वर्षांचा रस्ता तीन वर्षांत संपेल. क्षमतेच्या कसोटीत उत्तीर्ण झालेला रस्ता आयुष्याच्या कसोटीत असा नापास होतो.

जादा माल भरण्याचा परिणामही येथेच पाहावा. १८ टनांऐवजी २५ टन भरले तर खेपा ६७ वरून ४८ वर येतात आणि वाहतूक घटल्याचा आभास होतो. प्रत्येक खेपेची हानी मात्र सुमारे २.४ पट होते. एकंदर झीज जवळजवळ पावणेदोनपट भरते. म्हणून खेपा कमी करू, या आश्वासनाबरोबर वजनकाट्याच्या पावत्या मागणे अवश्य आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन जादा मालासाठी २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २ हजार रुपये दंड ठरला आहे. परंतु काटा नसेल तर दंड कशाच्या आधारावर करावयाचा?

तिसरी कसोटी : रस्त्यावरचा माणूस

वर दिलेले मोटार-तुल्य एककांचे कोष्टक वाचकाने पुन्हा पाहावे. त्यात बैलगाडीला आठ एकके आहेत, सायकलीला अर्धे आहे. पायी चालणाऱ्याला अंकच नाही. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई आणि पाठीवर दप्तर घेतलेला मुलगा या बेरजेत कोठेही येत नाहीत. गणिताचा यात दोष नाही. ते कोष्टक रस्त्याची क्षमता मोजण्यासाठी केलेले आहे, सुरक्षितता मोजण्यासाठी नव्हे. दोष आहे तो त्याच कोष्टकावरून रस्ता सुरक्षित ठरविणाऱ्याचा.

टिपरची रुंदी सुमारे अडीच मीटर. ३.७५ मीटरांच्या रस्त्यावर तो एका कडेने गेला तर दुसऱ्या कडेला सव्वा मीटर उरतो. दोन टिपर समोरासमोर आले तर एकाला डांबर सोडून मातीच्या बाजूपट्टीवर उतरावेच लागते, आणि चालणारा माणूस तर त्याच बाजूपट्टीवर असतो. दहा तासांच्या दिवसात १३४ फेऱ्या म्हणजे साडेचार मिनिटांस एक गाडी. दाट हंगामात सव्वादोन मिनिटांस एक.

वेगाचाही हिशेब करावा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला चालकाने धोका पाहिल्यापासून थांबण्यास सुमारे ४५ मीटर लागतात, असे रस्त्यांच्या आखणीत धरतात. ताशी २० किलोमीटरला २० मीटर पुरतात. वळणावर, तलावाच्या बांधाजवळ किंवा शाळेच्या फाटकाशी ४५ मीटर पुढचे दिसत नसेल, तर तेथे ४० चा वेग निषिद्धच मानला पाहिजे. अहवालात रस्त्याची सरासरी रुंदी देऊन भागत नाही. सर्वांत अरुंद पूल, सर्वांत आंधळे वळण, रेल्वेफाटक असल्यास ते, आणि गावरस्ता महामार्गाला मिळतो तो तिठा, यांचे स्वतंत्र वर्णन त्यात असावयास हवे.

अटी आणि त्यांची किंमत

यावरून विस्तार नाकारावाच, असा निष्कर्ष निघत नाही. महानगराला माती हवी आहे, आणि टिपर हेही कोणाच्या तरी पोटापाण्याचे साधन असते. गोव्यात खनिज लोखंड खाणींपासून मांडवी आणि जुवारी नद्यांच्या धक्क्यांपर्यंत ट्रकांनी आणि तेथून पुढे मुरगाव बंदरापर्यंत बार्जेसनी जात असे. प्रवासाचा मोठा भाग पाण्यावरून होई. तरी धूळ आणि अपघातांच्या तक्रारी आल्या त्या मुख्यतः रस्त्याच्या छोट्या टप्प्यावरच्या गावांतून. २०१२ साली खाणकाम थांबले तेव्हा त्याच गावांतील ट्रकमालकांपुढे कर्जाच्या हप्त्यांचा प्रश्न उभा राहिला. रस्ता सोसणारे आणि रस्त्यावर जगणारे पुष्कळदा एकाच गावचे असतात. म्हणून अटी अशा हव्यात की दोघांनाही त्या पाळता येतील.

शाळेच्या वेळी वाहतूक बंद ही अट सर्वत्र सुचविली जाते आणि ती योग्य आहे. मात्र तिचाही हिशेब करावा. दहा तासांतून अडीच तास वजा केले, तर तेवढ्याच १३४ फेऱ्या साडेसात तासांत बसवाव्या लागतील आणि ताशी १३ ऐवजी १८ गाड्या जातील. मुले सुरक्षित होतील. शेतावर जाणाऱ्यांचा ताप वाढेल. म्हणून या अटीला दिवसाच्या एकूण खेपांच्या कमाल मर्यादेची जोड द्यावी लागते. ताडपत्रीने झाकलेला माल, खाणीच्या तोंडाशी वजनकाटा, वस्तीत ताशी २० किलोमीटरची मर्यादा आणि समोरासमोर येणाऱ्या गाड्यांसाठी ठराविक अंतरावर रुंद जागा या अटी त्यानंतर येतात. रस्ता साडेपाच मीटर रुंद व जाड थराचा करावयाचा असेल, तर ते काम विस्तारापूर्वी पुरे झाले पाहिजे. ‘यथावकाश रुंदीकरण करण्यात येईल’ या वाक्याला काहीही किंमत नाही. तोवर तीन वर्षे उलटतात आणि रस्ता संपलेला असतो.

सुनावणीत काय विचारावे

पर्यावरणीय आघाताच्या मूल्यमापनाची आजची पद्धत १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेने घालून दिली. पाच हेक्टरांपेक्षा लहान गौण खनिजाच्या खाणींनाही पर्यावरणीय परवानगी आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने दीपककुमार विरुद्ध हरयाणा राज्य या प्रकरणात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी स्पष्ट केले. ज्या प्रस्तावांसाठी जाहीर सुनावणी लागते, त्यांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यावा लागतो आणि सुनावणीच्या तारखेची किमान तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते. ते तीस दिवस गावाने मोजणीसाठी वापरावेत. शाळेजवळ वही घेऊन बसलेले दोन तरुण आठवडाभरात जी नोंद करतील, ती कित्येक छापील पृष्ठांहून अधिक बोलकी ठरेल.

सुनावणीस जाताना सहा प्रश्न बरोबर न्यावेत. कमाल दिवशी किती टन, आणि त्यांच्या ये-जा मिळून किती फेऱ्या? वर्षातले कोणते महिने? कोणत्या रस्त्याने, आणि त्यातील सर्वांत अरुंद जागा कोणती? वजन कोठे आणि कोण करणार? रस्ता किती वर्षांत झिजेल आणि दुरुस्तीचा खर्च कोणावर? शाळेच्या वेळी काय?

हे प्रश्न विचारण्यास अभियंता असावे लागत नाही. यांतील कोणताही हिशेब गुणाकार-भागाकारापलीकडचा नाही. मात्र तो परवानगीच्या आधी झाला पाहिजे. खाणीला दिलेली मुदत संपल्यावर खाणमालक दुसरीकडे जाऊ शकतो. गावाला दुसरा रस्ता नसतो.