एक व्यासंगी वकील

सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर हे महाराष्ट्राच्या भक्तिजीवनाचे माहेर होय. आषाढी-कार्तिकीला येथे चंद्रभागेच्या वाळवंटात लक्षावधी वारकऱ्यांचा मेळा जमतो. गाभाऱ्यापर्यंत पोहोचण्याचे भाग्य ज्याला लाभते, तो विठ्ठलाच्या पायांवर मस्तक ठेवून कृतार्थ होतो. देव आणि भक्त यांच्यामध्ये एवढी जवळीक असलेले देवस्थान विरळाच. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच पंढरपुरात एक विलक्षण वाद उपस्थित झाला. एका ब्राह्मण विधवेच्या डोक्यावर केस होते. तेवढ्या कारणाने तिला विठ्ठलाच्या पूजेपासून दूर ठेवता येईल काय, हा तो वाद होय.

आज हा प्रश्नच तुम्हांला चमत्कारिक वाटेल. परंतु त्या काळी ब्राह्मणांत आणि इतर काही समाजांत पती वारला की पत्नीचे केशवपन करण्याची रूढी होती. जिला संसार म्हणजे काय हेही नीट कळलेले नसे, अशा बालविधवेचेही केस कापीत. पुढे जन्मभर तिने आलवण नेसावे, एका वेळी जेवावे आणि मंगलकार्यात समोर येऊ नये, अशी अपेक्षा असे. आगरकरांसारख्या सुधारकांनी या रूढीवर कठोर टीका केली. तरीही ती सहजासहजी सुटली नाही. जी विधवा केस राखण्याचे धैर्य करी, तिला ‘सकेशा’ म्हणत, आणि तिच्या हातची पूजा पुष्कळांना चालत नसे. पंढरपूरचा हा वाद शेवटी मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथे त्या विधवेची बाजू ज्या वकिलांनी मांडली, त्यांचे नाव पांडुरंग वामन काणे.

काणे यांचा जन्म १८८० साली रत्नागिरी जिल्ह्यात झाला. दापोलीच्या शाळेत आणि पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. १९०३ साली एम. ए. झाल्यावर त्यांनी सरकारी शाळांत शिक्षकाची नोकरी धरली. दिवसा मुलांना संस्कृत शिकवावे आणि उरलेल्या वेळात स्वतः कायद्याचा अभ्यास करावा, असा त्यांचा क्रम होता. नोकरी सोडून १९११ साली ते उच्च न्यायालयात वकिली करू लागले. सनद हाती आली की पुष्कळांचा अभ्यास संपतो. काणे यांनी मात्र पुढच्याच वर्षी कायद्याची एल्‌एल्‌. एम्‌. ही वरची परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले.

मुंबईच्या उच्च न्यायालयाच्या तेव्हा दोन शाखा होत्या. एका शाखेत मुंबई शहरातील मोठे दावे मुळापासून चालत. दुसरीत जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली अपिले चालत. काणे यांनी या अपील शाखेत काम केले. अपील म्हणजे काय, हे येथे समजून घेतले पाहिजे. खालच्या कोर्टाचा निकाल ज्याला अन्यायाचा वाटतो, तो वरच्या कोर्टाकडे दाद मागतो. तेथे बहुधा साक्षीदार पुन्हा उभे राहत नाहीत. उलटतपासणीची खडाजंगी नाही, की अश्रू ढाळणारे पक्षकार नाहीत. न्यायमूर्तींपुढे असतात ते खालच्या कोर्टातील कागदपत्रे, साक्षींचे लेखी जबाब आणि निकालपत्र. खालच्या न्यायाधीशांनी पुराव्याचा अर्थ बरोबर लावला की नाही, आणि त्याला कायदा योग्य तो लावला की नाही, एवढेच वकिलाला दाखवावयाचे असते. म्हणून अपिलाच्या वकिलाची खरी शस्त्रे दोन : सूक्ष्म वाचन आणि नेमके शब्द. सोलापूरकडील अपिलांचे कागद तेव्हा मुंबईला जात. २०२५ साली कोल्हापूर येथे उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाल्यापासून सोलापूरची प्रकरणे तेथे चालतात.

पंढरपूरचे प्रकरण वाटते तेवढे सोपे नव्हते. हिंदू कायद्यात रूढीला फार मोठे बळ होते. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या सर्वांत वरच्या न्यायसभेने, १८६८ साली असे ठरविले होते की, रूढी स्पष्टपणे सिद्ध झाली तर ती ग्रंथातील वचनाहून वरचढ मानावी. तेव्हा ‘हे आम्हांला निर्दय वाटते’ एवढे म्हणून कोर्टात भागण्यासारखे नव्हते. शास्त्र कोणते, रूढी कोणती आणि कायदा कोणाला किती मान देतो, हे तिन्ही ज्याला अवगत आहे असाच वकील तेथे हवा होता. काणे यांना संस्कृत ग्रंथ मुळातून वाचता येत होते. उच्च न्यायालयाचा निकाल त्या विधवेच्या बाजूने लागला.

याच विषयाचा ऊहापोह काणे यांनी पुढे आपल्या ग्रंथात केला. त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. ते रागावत नाहीत, कोणाला दूषणे देत नाहीत. ते एकेक ग्रंथ उघडून आपल्यापुढे ठेवतात. मनुस्मृतीत विधवेची कर्तव्ये सांगितली आहेत. तेथे केशवपन नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत नाही. वृद्धहारीत नावाच्या स्मृतीत विधवेने केसांचा शृंगार सोडावा असे म्हटले आहे. आता शृंगार सोडावयाचा, तर मुळात केस असले पाहिजेत! विधवेने केस काढावेत असे सांगणारे वचन भेटते ते स्कंदपुराणाच्या काशीखंडासारख्या पुष्कळ नंतरच्या ग्रंथात. म्हणजे जी रूढी अनादी म्हणून मिरवत होती, ती त्या मानाने अलीकडची ठरते. सनातन्यांच्या हातचा ग्रंथच घेऊन त्यांना उत्तर देणारा असा अभ्यासक सुधारकांनाही क्वचितच लाभला असेल.

तो ग्रंथ म्हणजे ‘धर्मशास्त्राचा इतिहास’. त्याचा उगमही वकिलीतच झाला. नीलकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ हा सतराव्या शतकातील संस्कृत ग्रंथ मुंबई आणि गुजरात येथील कोर्टांत वारसाहक्काच्या वादांत प्रमाण मानीत. काणे यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ती १९२६ साली निघाली. तिला धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना जोडावी, एवढाच त्यांचा मूळ विचार होता. परंतु सामग्री जमत गेली आणि प्रस्तावना पुस्तकात मावेना. तिचाच वेगळा ग्रंथ करावयाचे ठरले. पहिला खंड १९३० साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने प्रसिद्ध केला, तेव्हा काणे पन्नास वर्षांचे होते. पाचव्या खंडाचा शेवटचा भाग १९६२ साली बाहेर पडला, तेव्हा त्यांचे वय ब्याऐंशी होते. साडेसहा हजारांहून अधिक पृष्ठांचे हे इंग्रजी लेखन एकट्या माणसाने, वकिली सांभाळून आणि पोटाच्या जुन्या विकाराशी झगडत केलेले आहे.

मधल्या काळात इतर कामेही चालू होती. १९१७ ते १९२३ या वर्षांत त्यांनी मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात हिंदू कायदा शिकविला. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, राज्यसभेचे सभासद झाले. मानमरातबांची यादी लांबविण्यात अर्थ नाही. त्यांच्या ग्रंथाचे दाखले सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतही आढळतात, ही गोष्ट एका वकिलाच्या दृष्टीने कोणत्याही पदवीहून मोठी मानावी लागेल.

१९६३ साली काणे यांना ‘भारतरत्न’ हा किताब मिळाला. त्याआधी पाच वर्षे, १९५८ साली, तोच किताब महर्षी धोंडो केशव कर्वे यांना मिळाला होता. कर्वे दापोलीजवळच्या मुरूडचे. त्यांनी पुण्याजवळ हिंगण्यास विधवांसाठी आश्रम काढून त्यांना शिकविले. काणे यांनी दापोलीच्या शाळेत धडे गिरविले आणि एका विधवेसाठी उच्च न्यायालयात शास्त्रार्थ केला.