स्थळाची चूक आणि वेळेची चूक

घड्याळ बिघडलें तरच वेळ चुकते, अशी आपली समजूत असते. परंतु घड्याळ निर्दोष असूनहि, तें कोठें आहे हें चुकीचें सांगितल्यास वेळ चुकूं शकते. तें कसें, हें पाहूं.

जी. पी. एस.चे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकांत अणुघड्याळ असतें, व संदेश केव्हां निघाला हें संदेशांतच नमूद असतें. त्यांत प्रवासाचा काळ मिळविला कीं वेळ कळते. पण प्रवासाचा काळ अंतरावर, आणि अंतर आपल्या स्थानावर अवलंबून. चार उपग्रहांवरून स्थानाचीं तीन मानें व वेळ, हीं चारहि अज्ञातें सुटतात. तथापि वेळ राखणारें यंत्र एके जागीं स्थिर असल्यानें त्याचें स्थान एकदांच ठरवून देतात. मग एका उपग्रहावरूनहि वेळ काढतां येते. मात्र स्थान चुकलें, तर ती चूक वेळेंत उतरते.

प्रकाश एका नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशांत, सुमारें ३० सेंटिमीटर जातो. स्थान पूर्वेकडे चुकलें, तर पूर्वेचे उपग्रह जवळ व पश्चिमेचे दूर भासतात. सरासरींत ह्या चुका बव्हंशीं परस्परांस मारतात. उंचीचें तसें नाहीं. सर्व उपग्रह क्षितिजाच्या वरच असतात. पायांखालून समतोल साधणारा एकहि दिसत नाहीं.

मुंबईचें उदाहरण घ्या. जी. पी. एस. ज्या कल्पित गोलाभावरून उंची मोजतें, त्याच्या सुमारें ६० मीटर खालीं तेथील समुद्रसपाटी आहे. नकाशांतील उंचीच यंत्रास दिली, तर यंत्र स्वतःस ६० मीटर वर समजेल. माथ्यावरील उपग्रहापासूनचा प्रवास २०० नॅनोसेकंद कमी धरला जाईल व घड्याळ तितकें मागें पडेल. क्षितिजापासून ३० अंशांवरील उपग्रहानें हीच चूक निम्मी, १०० नॅनोसेकंद, होईल.

एवढ्यानें काय बिघडतें? वीजवाहिनींतील बिघाडाची जागा दोन टोकांस पोहोंचलेल्या लहरींच्या वेळांवरून काढतात. तेथें एका टोकाच्या २०० नॅनोसेकंदांनीं जागा सुमारें ३० मीटर सरकते. तें एक वेळ चालेल. परंतु भारतीय प्रमाणवेळ राखणाऱ्या नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसारख्या संस्था परदेशांच्या घड्याळांशीं नॅनोसेकंदांत तुलना करितात. तेथें एक मीटरहि खपत नाहीं.

म्हणून अँटेना हलवूं नये, निदान एक अहोरात्र मापें घेऊन त्यांची सरासरी काढावी, आणि उंची कोणत्या पातळीवरून मोजली हें प्रथम विचारावें.

आतां आपण सोडवा: माथ्यावर एकच उपग्रह असतां उंची १५ मीटर अधिक दिली, तर घड्याळ किती मागें पडेल?