सूनबाईचा फोन

चि. बंडूस,


तुझा रात्री दीडचा मेसेज वाचला. हे फोनवर बोलण्यासारखं नाही, म्हणून पत्र लिहायला बसले. सूनबाईचा फोन ओट्यावर होता, स्क्रीनवर ‘उद्या नक्की ना?’ दिसलं, तिने फोन उपडा ठेवला, आणि आता व्हॉट्सॲप तिच्या बोटाशिवाय उघडत नाही. हे शेवटचं तुला ठाऊक आहे, म्हणजे तू उघडून पाहिलंस. त्याबद्दल रागावत नाही. संशय आला की हात फोनकडे जातोच.

पण पुढे जे लिहिलंस ते मात्र करू नकोस. ती झोपली की तिचं बोट लावून फोन उघडायचा, आणि व्हॉट्सॲप तुझ्या लॅपटॉपला जोडून ठेवायचं! झोपलेल्या बायकोचं बोट अलगद धरून काचेवर टेकवणारा नवरा एकदा डोळ्यांसमोर आण. तुझ्या मित्राने सुचवलेलं ते पाळत ठेवायचं ॲपही नको. तिचे फोटो, तिचे मेसेज, ती कुठे जाते-येते, सगळं कुठल्या परक्या माणसाच्या हाती पडेल याचा पत्ता तुलाही नाही आणि त्या मित्रालाही नाही.

‘कोर्ट आता सगळं पुरावा म्हणून घेतं’ असंही तो म्हणाला. हे अर्धवट ऐकलेलं आहे. त्याने ऐकलं ते प्रकरण भटिंड्याच्या कुटुंब न्यायालयातलं. नवऱ्याने बायकोशी झालेली स्वतःचीच फोनवरची बोलणी तिच्या नकळत रेकॉर्ड केली होती. उच्च न्यायालयाने 2021 साली ती नाकारली, सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2025 रोजी घेऊ दिली. तिने तिसऱ्याशी केलेलं चॅट चोरून काढण्याचा प्रश्न तिथे नव्हताच. शिवाय पुरावा दाखल होणं वेगळं आणि त्यातून काही सिद्ध होणं वेगळं. घटस्फोटासाठी व्यभिचार सिद्ध करायचा तर शरीरसंबंध सिद्ध व्हावा लागतो. ‘उद्या नक्की ना?’ने काय सिद्ध होणार? परवानगीवाचून दुसऱ्याच्या उपकरणात शिरणं मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्यात बसतं. ते अप्रामाणिकपणे किंवा फसवून केलेलं ठरलं, तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवरा म्हणून त्यात वेगळी सूट लिहिलेली नाही.

आणि ‘त्याला पोलिसांत खेचतो’ हेही विसर. दंड संहितेतलं ते 1860 सालचं व्यभिचाराचं कलम 497 सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये रद्द केलं. बरंच झालं. त्यात नवऱ्याची संमती असेल तर गुन्हा नाही, नसेल तर गुन्हा, असा प्रकार होता. बायको म्हणजे नवऱ्याच्या नावावरचा सातबाराच जणू.

कुटुंब न्यायालयात समुपदेशक म्हणून इतकी वर्षं काढली, तिथे चॅटच्या छापील कागदांचे गठ्ठे खूप पाहिले. पिवळ्या पेनने रंगवलेले, समासात रात्रीच्या वेळा लिहिलेल्या. एका गृहस्थांनी बायकोच्या प्रत्येक ‘हो’खाली रेघ ओढली होती. कशाला ‘हो’ म्हटलंय, हे विचारल्यावर त्यांना सांगता आलं नाही. एका बाईंच्या नवऱ्याचं रात्रीचं गुपचूप चॅट निघालं कर्जवसुलीवाल्याशी. काहींचा संशय खराही निघाला. पण त्यांनाही हवं होतं ते गठ्ठ्यात सापडलं नव्हतं. ‘का?’ आणि ‘आता आपलं काय?’ या दोन प्रश्नांची उत्तरं माणसाला तोंडानेच द्यावी लागतात.

तिच्या फोनमध्ये फक्त तीच नाही, हेही ध्यानात घे. तिच्या मैत्रिणीचं दुखणं आहे, बहिणीच्या सासरची भांडणं आहेत, तुझ्याबद्दलच्या तक्रारीही असतील. असू देत. आम्हा बहिणींची आंतर्देशीय पत्रं यायची, तेव्हा तुझे बाबा ती न फोडता तुझ्या आईच्या हातात द्यायचे. त्यांत तुझ्या बाबांविषयी काय काय लिहिलेलं असायचं, ते विचारू नकोस! आणि तूही मला शेवटी लिहिलंसच, ‘वाचून डिलीट कर’. आपलं हे चॅट उद्या सूनबाईच्या हाती लागलं तर तिने काय समजावं?

मात्र तुझा संशय खुळा आहे असं मी म्हणत नाही. विचारायचा हक्क तुला आहे. तिने खोटं बोलून तुला अंधारात ठेवलं असेल, तर ‘माझं खासगी आहे’ म्हणून ते झाकता येणार नाही. तर विचार. पोर झोपल्यावर, दोघांचेही फोन बाहेरच्या खोलीत ठेवून. ‘कोण आहे तो?’ने सुरुवात केलीस तर भांडणच होईल. तू काय पाहिलंस, कधीपासून तुझी झोप उडाली आहे, फोन उघडायचा प्रयत्न केलास तेही, सगळं सांग. मग गप्प राहा. ती बोलायला वेळ लावेल. ती पोकळी तू भरू नकोस. ‘हो, आहे कुणीतरी’ असं उत्तर आलं तर त्या रात्री कसलाही निर्णय नको, आणि तिच्या माहेरी फोन तर मुळीच नको. ‘काही नाही’ म्हणाली आणि तुला पटलं नाही, तर तेही तिला तोंडावर सांग आणि दोघं मिळून एखाद्या समुपदेशकाकडे जा. मी चालणार नाही, मी तुझी मावशी आहे.

शनिवारी येतो म्हणालास, जरूर ये. पण तिच्याशी बोलून झाल्यावर, आणि माझ्याकडे येतोयस हे तिला सांगून. तुझ्या आईला मी काही बोललेले नाही.

तुझी,
मावशी