संगमतीरावरील एकांत

कोल्हापुरात येणारा यात्रेकरू करवीरनिवासिनी श्रीमहालक्ष्मीचे व वाडीरत्नागिरीच्या श्रीजोतिबाचे दर्शन घेतो आणि बहुधा त्याच प्रवासात श्रीक्षेत्र नृसिंहवाडीला येतो. वेळ थोडा असतो. रांगेतून दर्शन होते, प्रसाद मिळतो आणि गाडी सुटण्याची घाई सुरू होते. घरी परतल्यावर मात्र मन पूर्वीइतकेच अस्वस्थ असल्याचे अनेकांना जाणवते. श्रद्धा कमी पडलेली नसते. क्षेत्री घटकाभर स्वस्थ बसणे तेवढे राहून गेलेले असते.

स्थानमाहात्म्य

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती व गुप्त सरस्वती या प्रवाहांची मिळून पंचगंगा होते. कोल्हापूर नगरीला स्पर्शून ती पूर्वेकडे वाहते आणि शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडी येथे कृष्णेला मिळते. या संगमाजवळ औदुंबराच्या छायेत श्रीदत्तगुरूंच्या मनोहर पादुका आहेत. येथे मुख्य पूजन मूर्तीचे नसून पादुकांचे होते. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढत चढत मंदिरात येते, पादुकांना स्पर्श करून दक्षिणद्वाराने बाहेर पडते. त्या पाण्यात स्नान करण्याचा दक्षिणद्वार सोहळा भाविक मोठे भाग्य मानतात. २००५, २०१९ व २०२१ सालच्या महापुरांनी या परिसराची कठोर परीक्षा घेतली. पाणी ओसरले आणि नित्यपूजा पूर्ववत् सुरू झाली.

श्रीगुरूंचा एकांतवास

श्री नृसिंह सरस्वती स्वामी महाराजांचे चरित्र सरस्वती गंगाधरकृत श्रीगुरुचरित्रात आले आहे. कीर्ती पसरली, तसे नाना प्रकारच्या मागण्या घेऊन लोक त्यांच्याकडे येऊ लागले. तेव्हा त्यांनी शिष्यांना तीर्थयात्रेस पाठविले आणि स्वतः वैजनाथ क्षेत्री एक वर्ष गुप्त राहिले. पुढे कृष्णातीरी औदुंबर येथे चातुर्मास करून ते या संगमावर आले व बारा वर्षे राहिले. गाणगापुरास प्रयाण करण्यापूर्वीचा हा दीर्घ वास होय.

या एकांतात जनांविषयी तुटकपणा नव्हता. श्रीगुरू पैलतीरावरील अमरापुरात, म्हणजे आजच्या औरवाडात, भिक्षेस जात. तेथील एका दरिद्री ब्राह्मणाच्या घरी धान्य नव्हते. अंगणातल्या वेलीच्या घेवड्याच्या शेंगांवर कुटुंबाचा निर्वाह चाले. त्याने त्याच शेंगांची भिक्षा वाढली. तृप्त होऊन निघताना श्रीगुरूंनी ती वेल उपटून टाकली. घरात शोक झाला. पुढे वेलीचे मूळ खणून काढताना तेथे द्रव्याने भरलेला कुंभ सापडला.

या कथेचा अर्थ साधकाने स्वतःपुरता लावून पाहावा. आपले मनही काही सवयींना, चिंतांना आणि धावपळीला असेच बिलगलेले असते. त्या सुटल्या तर जगावे कसे, असे वाटते. एकांतात बसल्यावर हा आधार काही काळ सुटतो, म्हणून प्रारंभी बेचैनी येते. तिला न घाबरता बसून राहिल्यास आतील ठेवा हाती लागतो.

श्रीदत्तात्रेयांची भिक्षा करवीरात आणि निद्रा माहूरगडावर, अशी परंपरेची धारणा आहे. गजबजलेले नगर आणि निवांत गड ही दोन्ही एकाच दिनक्रमात येतात. प्रपंचात राहणाऱ्या भाविकालाही हाच क्रम साधता येतो.

घाटावरील साधना

पहाटेच्या काकडआरतीनंतर उजाडण्याची वेळ साधनेस उत्तम. भ्रमणध्वनी बंद करून, सोबत्यांपासून थोडे दूर, घाटाच्या कोरड्या पायरीवर आसन टाकावे. पाणी चढलेले असेल तेव्हा घाटाऐवजी वरील सुरक्षित जागी बसावे. पाठीचा कणा सरळ, पण ताठरलेला नसावा. आरंभी काही वेळ केवळ प्रवाहाकडे पाहावे, पक्ष्यांचे आवाज ऐकावेत. नंतर डोळे मिटून श्वासाच्या लयीत मनोमन दत्तनाम घ्यावे. पंधरा-वीस मिनिटे पुरेशी आहेत. त्या वेळी काही मागू नये.

मन भरकटेल, त्यावर रागावू नये. मन वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे, ही अर्जुनाचीच तक्रार होती. श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी त्यावर अभ्यास व वैराग्य हे उपाय सांगितले. मन जितक्या वेळा जाईल तितक्या वेळा त्याला हळुवारपणे नामाकडे आणणे, हाच तो अभ्यास. याच अध्यायावरील निरूपणात ज्ञानेश्वर माउलींनी योगाभ्यासाच्या स्थानाचे सविस्तर वर्णन केले आहे. सहज वाट चुकून आलेल्यालाही तेथेच बसावेसे वाटावे, अशी ती जागा.

नीरवतेची सेवा

अशी जागा आपोआप टिकत नाही. येणाऱ्या प्रत्येकाने ती राखावी लागते. अन्नदान व देणगी यांचे पुण्य मोठे आहेच. त्याबरोबर घाटावर मोठ्याने न बोलणे, निर्माल्य व प्लास्टिक नदीत न टाकणे, साबण लावून स्नान न करणे हीदेखील श्रीगुरुचरणी रुजू होणारी सेवा आहे. ज्याला दान देणे शक्य नाही, त्यालाही ही सेवा शक्य आहे.

परतल्यावर घरातील एखादा कोपरा व पहाटेची घटका नेमाने राखावी. संगमावर अनुभवलेली शांती अशा नेमानेच नित्याची होते.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥